बोजारा की साल?

एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात, आता चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं. पूर्ण नाव कोणी घेत नाही, कॉलेजात सगळे ओजेटीच म्हणतात. एका श्रेयांकाला ३० तास धरले की १२० तास होतात. तेवढे तास एखाद्या दुकानात, पतसंस्थेत, जिनिंगच्या ऑफिसात नाहीतर कर सल्लागाराकडे काढायचे, डायरीवर सही-शिक्का घ्यायचा आणि अहवाल जोडायचा. नवीन शैक्षणिक धोरणाबरोबर २०२३-२४पासून हे सुरू झालं. मोठ्या शहरात ओजेटी म्हटलं की कंपनी डोळ्यांपुढे येते. आमच्या धामणगाव रेल्वेसारख्या गावात कंपनी कुठली? दत्तापूरची बाजारपेठ आहे, बाजार समितीचं यार्ड आहे, जिनिंग-प्रेसिंग आहेत आणि कृषी केंद्रं आहेत. त्यात सत्र संपतं उन्हाळ्याच्या शेवटी. पोरं मोकळी होतात तेव्हा कपाशी-सोयाबीनच्या बियाण्याची गर्दी लागलेली असते. पोरांनी १२० तास कुठे काढायचे हे कसंतरी ठरतं. त्या तासांचे पैसे कोणी द्यायचे, की द्यायचेच नाहीत, हा विषय मात्र कोणी हातात घेत नाही.

खालच्या संवादातली दोन्ही माणसं मी बेतलेली आहेत. एक कृषी केंद्र चालवणारे भाऊ, दुसऱ्या, ओजेटीची जबाबदारी गळ्यात पडलेल्या कॉमर्सच्या मॅडम. त्यांचं म्हणणं मात्र हवेतलं नाही.

भाऊ : मॅडम, पोट्टे पाठवा, माझी ना नाई. पण पैशाचं नाव काढू नका. मी त्याईले शिकवून रायलो. शिकवणाऱ्यानंच पैसे द्यायचे, हे कोणत्या गावचं शास्त्र?

मॅडम : काय शिकवता, तेवढं सांगा.

भाऊ : स्टॉक रजिस्टर, जीएसटीचं बिल, कंपनीच्या स्कीमा, उधारीची वही. खताची बॅग पॉस मशीनवर अंगठा घेतल्याबिगर देता येत नाई, हे तुमच्या पुस्तकात हाय काय? अन् कास्तकाराचा अंगठा घासून गेलेला असते, मशीन घेत नाई, मागं वीस जणांची लाइन. तवा काय करायचं, हे कोणत्या पेपरात येते?

मॅडम : नाही येत. म्हणूनच तर पाठवते. पण भाऊ, मशीन चालवायला किती दिवस लागतात शिकायला?

भाऊ : हुशार असला तं दोन दिवस.

मॅडम : मग तिसऱ्या दिवशी तो मशीनवर काय करत असतो?

भाऊ : काम करते.

मॅडम : मृगाच्या तोंडावर दरवर्षी तुम्ही एक माणूस जादा लावता. यंदा लावला?

भाऊ : नाई लावला. खोटं कायले बोलू. दोन पोट्टे होते ना तुमचे.

मला हा सगळा वाद या एका उत्तरात दिसतो. ट्रेनिंग किती दिवसांचं, सर्टिफिकेट मिळतं की नाही, पोरगा किती हुशार, हे सगळं नंतरचं. जादा माणूस लागला नाही, हे आधीचं.

१९४७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं, आणि तेही रेल्वेचं. पोर्टलँड टर्मिनल नावाची कंपनी यार्डातल्या ब्रेकमनच्या कामासाठी उमेदवारांना सात-आठ दिवस शिकवायची, बिनपगारी. उमेदवार आधी नुसते बघायचे, मग नजरेखाली थोडं थोडं करायचे. हे नोकर नाहीत, असा निकाल लागला. कारण त्यांच्यामुळे कोणा कामगाराची जागा गेली नव्हती, कंपनीला तिथल्या तिथे काही फायदा झाला नव्हता, उलट कधी कधी कामाचा खोळंबाच झाला होता. फुकट राबवून घेणाऱ्यांना हा निकाल आवडतो. पण त्याच प्रकरणातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ऑक्टोबर १९४३पासून जो उमेदवार शिकून तयार होई, त्याला त्या शिकाऊ दिवसांचे रोजचे चार डॉलर कंपनी मागाहून देत होती. कायद्याची सक्ती नव्हती, तरी देत होती.

भाऊंना मात्र अमेरिकेत रस नाही.

भाऊ : माझं ऐका. कीटकनाशक विकायचं तं शिक्षण पायजे, असा नियम आला. मी दुकान सांभाळून 'देसी' डिप्लोमा केला, ४८ आठवड्यांचा. बाजार बंद असते त्या दिवशी क्लास, फी भरून. या वयात पोट्ट्यांसारखी परीक्षा देली. मी शिकायले पैसे भरले. मले कोणं दिले?

मॅडम : बरोबर आहे. पण त्या क्लासमध्ये तुम्ही कोणाची पोती उचलली?

भाऊ : कायची पोती?

मॅडम : तेच म्हणते मी. तुम्ही फक्त शिकलात. तुमच्या शिकण्याने शिकवणाऱ्याच्या गल्ल्यात काही पडलं नाही, म्हणून तुम्ही फी दिली. आणि क्लास ठेवला तोही बाजार बंद असण्याच्या दिवशी, तुमचा धंदा बुडू नये म्हणून. माझ्या पोरांचा रोज बुडतो त्याचं काय? यातली निम्मी पोरं सुट्टीत मजुरीला जातात. कोणी मोबाइलच्या दुकानात, कोणी यार्डात, कोणी बापाबरोबर वावरात. ओजेटीचे १२० तास म्हणजे चार-चार तासांचे ३० दिवस. अर्धा दिवस तुमच्याकडे गेला की उरलेल्या अर्ध्या दिवसाला त्याला कोणी कामावर घेत नाही.

भाऊ : मंग गरिबाच्या पोट्ट्यानं शिकूच नये, असं म्हणता काय?

मॅडम : मी नाही म्हणत, ही पद्धत म्हणते. तळेगाव दशासरहून येणारी मुलगी घ्या. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता. आता सवलतीचा पास आहे, पण तो घर ते कॉलेज. अमरावतीला एखाद्या सीएच्या ऑफिसात तिला खरं शिकायला मिळेल, पण तो पास धामणगावच्या पुढे चालत नाही. २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ठीक. तरी अर्धं तिकीट रोज दोनदा, वर दुपारचं खाणं. घरी विचारलं की बाप म्हणतो, गावातच कुठं होते तं पाय. मग ती गावातल्या दुकानात डबे पुसते, आणि ज्याच्या बापाला अमरावतीत खोली करून देणं परवडतं तो सीएकडे ऑडिट शिकतो. दोघांच्या गुणपत्रिकेवर मात्र तेच चार श्रेयांक.

भाऊ : मंग शासनानं द्यावं ना. देते तं सही. थे काय म्हणते, युवा कार्य प्रशिक्षण.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय ९ जुलै २०२४चा. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, थेट बँक खात्यात. आधी मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिने केली. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हणून टाकलं. पण ज्याचं शिक्षण चालू आहे तो या योजनेत बसत नाही. म्हणजे मॅडमची पोरं बाहेरच.

भाऊ : अन् झालं काय तिचं? पैसे शासनाचे, पोट्टे ग्रामपंचायतीत बसले, शाळेत बसले, तहसीलमध्ये बसले. मुदत सरली तं 'कायम करा' म्हणून आंदोलनं. पैसे देले की पोट्ट्याले वाटते नोकरी लागली. मले तेच भेव हाय. आज मी पाचशे देले तं उद्या तो म्हणन, दिवाळीचा बोनस द्या.

मॅडम : त्यांना नोकरी लागली असं का वाटलं, याचा विचार करा. अकरा महिने कारकुनाचं काम केलं की माणूस स्वतःला कारकूनच समजणार. पैसे दिले म्हणून नाही वाटलं. जागा रिकामी होती आणि काम होत होतं, म्हणून वाटलं. शाळेत शिक्षक नव्हता, हे पोरगं वर्ग सांभाळत होतं. त्याला तुम्ही प्रशिक्षणार्थी म्हणा नाहीतर आणखी काही.

इथे मी मॅडमच्या बाजूचा आहे, आणि त्यांच्या बोलण्यात थोडी भर घालतो. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला १६ आठवडे शाळेत आंतरवासिता असते. एवढ्या दिवसांत विद्यार्थी-शिक्षक चार-दोन पाठ देऊन थांबत नाही, तो बऱ्याचदा तासच ओढून नेतो. त्याला दमडी नाही. डी.फार्म.च्या पोराला मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात ५०० तासांचं प्रशिक्षण लागतं, किमान तीन महिन्यांचं. त्याचाही खिसा रिकामा. एमबीबीएसच्या आंतरवासितांना मात्र शासकीय महाविद्यालयांत महिन्याला १८,००० रुपये मिळतात. २०२४च्या सुरुवातीपर्यंत ते ११,००० होते. ते त्यांना मिळू नयेत असं मी मुळीच म्हणत नाही. पण हा फरक कामाच्या किमतीतून आलेला नाही. डॉक्टर पोरं संपावर गेली की वॉर्ड अडतो आणि वर्तमानपत्रात बातमी येते. बी.एड.ची पोरं संपावर गेली तर त्यांचेच गुण जातात.

कृषीची पोरं या दोघांच्या मधली. शेवटच्या वर्षी 'रावे'साठी ती गावात राहतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणाचे नमुने घेतात आणि 'कृषिदूत', 'कृषिकन्या' म्हणून फोटोसकट पेपरात येतात. त्यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमात महिन्याला ३,००० रुपयांची तरतूद आहे. म्हणजे कुठेतरी कोणाला तरी कळलं होतं की पोरगं गावात राहिलं तर जेवणारही.

आता भाऊंचं असं एक म्हणणं, ज्यावर मॅडम काही वेळ गप्प राहिल्या.

भाऊ : मॅडम, एम.कॉम. तुमच्याकडं विनाअनुदानित हाय ना?

मॅडम : हो.

भाऊ : फी कोण घेते?

मॅडम : कॉलेज.

भाऊ : त्या फीमध्ये हे चार श्रेयांक धरलेले हायत की नाई? मंग शिकवते कोण? मी. फी घेतली तुम्ही, शिकवून रायलो मी, अन् वरून पैसेही मीच द्यायचे? माझ्या दुकानात दोन माणसं. मोठ्या कारखान्याचा हिशेब मले कायले लावता?

मॅडम : ...

भाऊ : आता बोला ना.

मॅडम : फीचं म्हणणं बरोबर आहे तुमचं. प्रवासाचे आणि डब्याचे पैसे कॉलेजने द्यायला हवेत, पहिल्या दिवसापासून, सगळ्यांना, पोरगा कुठेही जावो. त्या चार श्रेयांकांच्या फीतून. हे मी आमच्या बैठकीत मांडेन.

भाऊ : मांडसाल. पास होईन काय?

मॅडम : ते माहीत नाही.

कारखान्याबद्दल भाऊ बोलले ते कायद्याला धरूनच आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१चा. ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. अशा शिकाऊला २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षणाप्रमाणे महिन्याला किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईचा हक्कही आहे. दोन माणसांचं दुकान या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर राहतं. आपल्या तालुक्याच्या गावांतली बहुतेक बाजारपेठ अशीच बाहेर आहे. भरपाईचं मी मुद्दाम लिहिलं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या पावसाळ्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. कृषी केंद्रातला पोरगा फवारणी करत नाही हे खरं, पण फुटलेली बाटली पुसायला त्यालाच सांगतात. त्याला काही झालं तर तो ना कामगार, ना शिकाऊ. त्याच्याजवळ फक्त डायरी.

फ्रान्समध्ये विद्यार्थ्याचं प्रशिक्षण दोन महिन्यांच्या वर गेलं की मोबदला द्यावाच लागतो, त्याच्या आत बंधन नाही. मला ही कॅलेंडरची रेघ पटत नाही. पॉस मशीन दोन दिवसांत शिकता येतं. सीएकडे ऑडिट बघणारी मुलगी दोन महिन्यांनीही फक्त बघतच असू शकते. रेघ ओढायची तर पोरगं ज्या दिवशी दुकानाच्या उपयोगी पडायला लागतं तिथे ओढावी. ती प्रत्येक दुकानात वेगळी पडेल, हे कबूल.

इथून पुलगाव ओलांडलं की वर्धा. ऑक्टोबर १९३७मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातकामातून शिक्षण द्यावं आणि त्या कामाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशी अपेक्षा परिषदेच्या ठरावात होती. अर्थतज्ज्ञ के. टी. शहांना ते पटलं नाही. शाळांमधला माल बाजारात उतरला तर कारागिरांशी स्पर्धा होईल, ही त्यांची हरकत. पुढे झाकिर हुसेन समितीनेही अहवालात बजावलं की कमाईच्या बाजूवर भर पडून शिक्षण मागे राहण्याचा धोका आहे. आज या पद्धतीचं, म्हणजे नई तालीमचं, नाव घेऊन पोरांना फुकट कामाला लावणारे ही बाजू विसरतात. मुलाच्या कामाला किंमत असते, हे वर्ध्यात कोणीच नाकारलं नव्हतं. ती किंमत कोणाच्या हाती जावी, यावर वाद होता. शहांच्या हरकतीत तर मुलाच्या पलीकडचा तिसरा माणूसही दिसतो. भाऊंच्या दुकानातला जादा लावला जाणारा माणूस, जो यंदा लावला नाही, तो हाच.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'मध्ये कमाई मुलाच्या जेवणाला आणि शिक्षणाला लागत होती. श्रमाचा संस्कार वगैरे नंतर जोडला जातो. आधी पोरगं जेवलं पाहिजे, हे भाऊरावांना ठाऊक होतं.

भाऊ : मॅडम, तुमी मले कंजूष समजू नका. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी मी दोघाईले शर्टपीस देला, पाकीट देलं. आपल्या मनानं. कोणी मागतलं नव्हतं.

मॅडम : पाकिटात किती होते?

भाऊ : एकाले हजार, एकाले पाचशे.

मॅडम : असं का?

भाऊ : एक जण गोड बोलणारा होता. गिऱ्हाइकाले पाणी विचारे. दुसरा मुका.

मॅडम : आणि स्टॉक रजिस्टर कोणी लिहिलं?

भाऊ : मुक्यानं.

मॅडम : भाऊ, तुमच्या वावरात सालदार होता ना?

भाऊ : बाबाच्या वेळचा. वीस वर्षं होता.

मॅडम : पोळ्याला त्याला बोजारा द्यायचे?

भाऊ : द्यायचे म्हणजे? धोतर, टोपी, वरून पैसे. पोळ्याले गडी आमच्या घरी रिकाम्या हातानं कधी गेला नाई.

मॅडम : आणि बोजारा दिला म्हणून साल कापलं का कधी?

भाऊ : साल कसं कापता येईन? साल आखाजीले ठरते. चार माणसात बोलणं होते. बोजारा येगळा.

मॅडम : तुम्ही पोरांना बोजारा देता, भाऊ. साल देत नाही.

बक्षिसाच्या बाजूने बोलणारे खूप भेटतात. पैसे दिले तर शिकण्याची गोडी जाते, शेवटी एखादी भेट द्यावी, म्हणजे नातं राहतं, असं म्हणतात. नातं राहतं हे खरं. पण बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, त्यामुळे घेणारा मर्जी सांभाळायला शिकतो. मुक्याला पाचशे मिळाले आणि पाणी विचारणाऱ्याला हजार, यातून दोघंही काहीतरी शिकले असणार. मॅडमच्या अभ्यासक्रमात ते नाही. बक्षीस द्यायला माझी हरकत नाही, पोळ्याला कोणाची असते? मात्र ते ठरलेल्या पैशांच्या वर असावं, त्यांच्या जागी नको.

भाऊंचा शेवटचा मुद्दा मात्र मी सहज बाजूला सारू शकत नाही.

भाऊ : ठीक हाय, मानलं. पण एक सांगतो. तुमी पैशाची अट घातली ना, तं मार्केटमधला निम्मा दुकानदार म्हणन, पोट्टं नको, डायरी आणा, सही मारून देतो. पोट्ट्यालेही बरंच. घरी बसून १२० तास. आताही होते असं, तुमाले ठाऊक हाय.

मॅडम : आहे ठाऊक.

भाऊ : मंग?

मॅडम : मग तुमच्यासारखी चार दुकानं तरी खरी असू द्या. बाकीच्यांच्या डायऱ्या मी तपासेन. सही मारून देणाऱ्याकडे पुढच्या वर्षी पोरगं पाठवणार नाही.

भाऊ : तुमच्याकडे दुकानं किती हायत अन् पोट्टे किती?

मॅडमकडे याचं उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. दुकानं कमी आणि पोरं जास्त असली की भाव दुकानदाराच्या हाती असतो. यार्डात तूर जास्त आली की अडत्याच्या हाती असतो, तसाच. तरी खोट्या सहीच्या भीतीने खरं काम फुकट करून घ्यावं, हे मला पटत नाही. खोट्या सह्या आज पैशाची अट नसतानाही होतात, हे भाऊच सांगून गेले.

मॅडम : एक करा भाऊ. पहिल्याच दिवशी डायरीच्या पहिल्या पानावर लिहायचं. पहिले दहा दिवस शिकण्याचे, त्याचे पैसे नाहीत. त्यातही गोडाऊनमधलं काम, पोती, औषधाचे डबे, यांना पोराने हात लावायचा नाही. अकराव्या दिवसापासून तो काउंटरवर बसला तर रोज. नाही बसवला, नुसता बघत राहिला, तर नाही. मी सही करते, तुम्ही करा, पोरगाही करेल.

भाऊ : म्हणजे आखाजीचं बोलणं.

मॅडम : तेच.

भाऊ : अन् रोज कायचा लावता? बाईच्या निंदणाचा की हमालाचा? एम.कॉम.च्या पोट्ट्याचा भाव बाजारात निघाला नाई अजून.

मॅडम : तो जादा माणूस लावत होता ना दरवर्षी? त्याला जो देत होता, तो.

भाऊ : नाई जमत. त्याच्या निम्मा देतो.

मॅडम : चार तासांच्या हजेरीला निम्माच होतो, भाऊ. लिहा.